आजा, जवाई आणि नातू

दिवाणखान्याच्या चार कोपऱ्यांत धानाची चार पोती उभी आणि त्यांना हात लावायची खुद्द घरच्या बाईला परवानगी नाही, अशा घरात मी साडेचार वर्षं भाड्यानं राहिले. शाळेच्या बदलीनं अर्जुनीत आले तेव्हा मला वाटलं, पोती बियाण्याची असतील. नाहीतर देवाची. ती आवाजाची निघाली.

"कोन्यात आवाज साचते, बाई," घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं. "बांधीच्या कोन्यात पानी साचते, तसा. मंग ढोल वाजला का हुंब हुंब करते. धान ते पिऊन घेते."

घरमालक म्हणजे काकाजी. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर उभी नोकरी काढून निवृत्त झालेले, काटक, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर कायम दुपट्टा. घरात ते आणि काकूजी, दोघंच. एकुलती एक मुलगी लग्न होऊन नागपूरला. वरच्या दोन खोल्यांत मी, भूगोल शिकवणारी, एकटी. काकूजींची तक्रार अशी की घरात धान असून त्यांना तांदूळ विकत आणावे लागतात. पोतं भरडायला न्यायचं म्हटलं की काकाजी आडवे यायचे. "रविवार होऊ दे, मंग नेजो." असे किती रविवार झाले कोण जाणे.

"धान खावाचा का आयकावाचा?" काकूजी विचारायच्या. काकाजी गंभीरपणे उत्तर द्यायचे, "पह्यले आयकावाचा."

काकाजींकडे तीन अ‍ॅम्प्लिफायर होते आणि स्पीकरची एकच जोडी. यातला कोणता खरा, हे त्यांना मरायच्या आधी ठरवायचं होतं. असं ते स्वतः म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे नाहीत.

पहिल्याचं नाव आजा. काचेच्या नळ्यांचा, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या व्हॉल्व्हचा. गोंदियातल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं दुकान बंद करताना नळ्या यांना दिल्या आणि आठ-दहा शनिवार शेजारी बसवून त्यांच्याच हातानं तो बांधून घेतला. "साब, ट्यूब को जल्दी मत करो," हे त्या रेडिओवाल्याचं वाक्य काकाजी त्याच्याच सुरात म्हणून दाखवायचे. आज्याला तापायला वीस मिनिटं लागायची. तोवर सगळ्यांनी गप्प बसायचं. "म्हाताऱ्याले उठवल्या उठवल्या बोलाले लावू नये."

दुसरा जवाई. ट्रान्झिस्टरचा, नागपूरहून आणलेला, दोघांनी मिळून उचलावा असा वजनदार. "काही काम नसलं तरी खाते आन् बसल्या जागी तापते. जवाईच तो." खरे जावई नागपूरहून यायचे तेव्हा काकूजी डोळे वटारून हे वाक्य बंद ठेवायला लावायच्या. आणि तिसरा नातू. कुरिअरनं आलेला, तळहाताएवढा, लॅपटॉपच्या चार्जरवर चालणारा, कधी न तापणारा. किमतीनं सगळ्यांत हलका आणि जोरात वाजायला दोघांच्या तोडीस तोड. काकाजींना तो आवडायचाही आणि त्याचा रागही यायचा.

"अ‍ॅम्प्लिफायर काही आवाज बनवत नाही, बाई. तलाव पानी बनवते का? धरून ठेवते, आन् मागतलं तेवढं सोडते. जवायाचा तलाव मोठा. आज्याचा पानी सोडाचा हात मऊ. आन् नातवाचा तं तलावच नाही! तो दार सेकंदात लाखो वेळा उघडते आन् लावते. पानी येते बराबर, पन कसा येते ते मले समजत नाही."

सगळं त्यांना तलावावरून समजायचं, कारण त्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. गावचा तलाव त्यांच्या पणज्यानं बांधलेला. तलावाच्या पाळीतून कालव्यात पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तिकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडायचं काम पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरात. आणि घराण्याचा एकच नियम: ज्याच्या हाती तुडूम, त्याची बांधी शेवटी. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत; सगळ्या गावाच्या धानाला पाणी मिळालं की मग उरलेलं आपल्याला. एका कोरड्या साली यांच्या वडिलांनी अख्ख्या गावाच्या बांध्या भिजवल्या आणि स्वतःचा धान डोळ्यांदेखत वाळू दिला. काकाजी ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. काकूजी सासूच्या तोंडून ऐकलेली तीच गोष्ट रागानं सांगायच्या. मला तेव्हा दोघांचंही पटायचं.

परीक्षा दर रविवारी दुपारी व्हायची. रविवारी शेजारची राइस मिल बंद असे, त्यामुळे व्होल्टेज हलत नसे आणि भिंतही. काकाजी तिन्ही अ‍ॅम्प्लिफायरच्या तारांवर मीटर लावून तिघांचा आवाज अगदी सारखा करायचे आणि बटणांवर खडूनं खुणा करायचे. हे का, तर जो जरासा मोठा वाजतो तोच आपल्याला गोड वाटतो. "मोठ्यानं बोलनारा शाना वाटते. असते, असा नाही." हे वाक्य मी पुढे स्टाफरूममध्ये पुष्कळ वापरलं.

मग गाठी मारलेल्या सुतळीनं खुर्ची आणि स्पीकर यांच्यातलं अंतर मोजायचं, कारण काकूजींनी झाडताना खुर्ची हलवलेली असणारच. मग काकाजी खुर्चीवर बसून स्वतःच्याच दुपट्ट्यानं डोळे बांधून घ्यायचे. माझ्या हातात एक चक्री, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. मी माझ्या मनानं ती फिरवायची, कोणता लावला ते चिठ्ठीवर लिहायचं आणि काकाजींनी ओळखायचं. अशा दहा फेऱ्या. शेवटी चिठ्ठी वाचून किती बरोबर आले ते मी सांगायचं आणि डोळे सोडल्यावर काकाजींनी ते वहीत मांडायचं.

माझ्या आधी चक्रीवर कोण होतं, असं मी एकदा विचारलं. "कोनीच नाही," काकाजी म्हणाले. "हिले बसवलं तं ही म्हने, तिन्ही डब्यातून तेच निंगते. मतलब तिले काही पायजे, लवकर उठाचं हाय. तुडूमावर असा मानूस पायजे ज्याले काहीच नाही पायजे. तुले काही पायजे का?"

"नाही, काकाजी," मी म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

वाजवायचं गाणं नसे. गाण्यात मन जातं म्हणे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी काकाजींनी स्वतःच गावच्या तलावावर रेकॉर्डर ठेवून चार मिनिटं पकडली होती. तुडुमातून पडणारं पाणी. लांबून सारसांची जोडी दोनदा ओरडते. आणि अगदी जवळ, बांधीत रोवणा, म्हणजे धानाची रोपं, लावणाऱ्या बाया: चिखलात हात बुडवतात, उचलतात, आणि प्रत्येक वेळी बांगड्या वाजतात. एक बाई काहीतरी बोलते, बाकीच्या हसतात, परत बांगड्या. ही चार मिनिटं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आजही रस्त्यात एखादीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या की मला तो दिवाणखाना आठवतो.

"पानी पाहावं तं आज्याजवळ, सारस पाहावा तं जवायाजवळ," काकाजी म्हणायचे. "पन अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा बांगड्यात हाय. काचच वाजली पायजे. कथील नाही."

सुरुवातीची दोन वर्षं ते दहापैकी आठ, कधी नऊ ओळखायचे. मी थक्क व्हायचे. त्यांनी मलाही दोन-तीनदा डोळे बांधून बसवलं. मला तीन आले, मग चार, मग पुन्हा तीन. म्हणजे नुसतं अंदाजानं बोलले असते तरी तेवढेच आले असते. "बाई, तुहे कान भूगोलाचे," असं म्हणून त्यांनी मला कायमची चक्रीवर बसवली.

मग एका रविवारी त्यांनी परीक्षा मध्येच थांबवली. डोळे बांधलेलेच होते. "बांगड्या कुठं गेल्या?"

बांगड्या माझ्या कानात वाजत होत्या. अगदी स्पष्ट.

काकाजींनी दोष पोत्यांवर ठेवला. नवा धान ओला असणार, बारीक आवाज तोच पिऊन टाकत असणार. मी आणि काकूजींनी चारही पोती ओढत ओढत अंगणात नेऊन पसरली, चार दिवस वाळवली, पुन्हा भरली. काकूजींनी त्या गडबडीत दोन पायल्या धान लपवला आणि भरडून आणला, तेवढाच फायदा. बांगड्या आल्या नाहीत. मग तारा बदलल्या. मग स्पीकरसमोरचं कापड काढलं. आणि इकडे गुण उतरत चालले. सहा. पाच. एकदा चार.

गुण कमी आले की काकाजींचा नियम असा, की मोजमाप चुकलं असणार. सगळं पहिल्यापासून करायचं. मीटर, खडू, सुतळी, आज्याची वीस मिनिटं. दीड वाजता सुरू झालेली परीक्षा पाच वाजवायची. माझा आठवड्यातला तो एकच दिवस. सहा दिवस मुलांपुढे ओरडून घसा बसलेला, खाली मान घातली की डोळे मिटायचे.

एका रविवारी त्यांना तीन आले. मी चिठ्ठीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आठ बरोबर, काकाजी."

त्यांनी डोळ्यांवरचा दुपट्टा ओढून काढला. "आठ?" मिशीतून हसले. आत ओरडून काकूजींना चहा ठेवायला सांगितला. मला म्हणाले, "मोजमाप चुकत होतं ना, मीच म्हनलो." अडीच वाजता मी वर जाऊन झोपले.

त्यांच्या त्या चेहऱ्यासाठी मी खोटं बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पुढच्या रविवारी पुन्हा आठ सांगितले. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. चिठ्ठी आधी खरी लिहायची आणि मग आकडे फिरवायचे, हा ताप नको म्हणून मी नंतर चिठ्ठ्या लिहिणंच सोडलं. नुसतीच चक्री फिरवायची आणि शेवटी एक आकडा सांगायचा.

पावसाळा संपता संपता काकूजींनी विषय काढला. "बाई, याहिले कुकरची शिट्टी आयकू येत नाही. चार चार होऊन जातेत. काल पोरगी फोनवर बोलत होती तं हे दुसरंच काही बोलून राहिले."

काकाजी वही घेऊन आले. "हे पाय. आठ, नऊ, आठ, नऊ. कान गेले म्हनते! तू हळू बोलतं, त्यात माहा का दोष?"

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात चहाचा कप होता.

दोनच दिवसांनी त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "ताई, मी इथल्या कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये. बाबा म्हणतात, बाईंना विचार, दहापैकी नऊ येतात. आईचं ऐकून उगाच त्यांना इतकं लांब आणायचं का? तुम्ही समोर असता. तुमच्यावर भरवसा आहे माझा. खरंच येतात का नऊ?"

अजून वेळ होता. 'नाही हो, तीन येतात, त्यांना घेऊन जा,' एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर इतक्या रविवारांचं काय, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "हो, येतात. वयानुसार थोडंफार असेल."

तिनं अपॉइंटमेंट रद्द केली.

यापुढचं मला सांगायला नको वाटतं, पण सांगते. काकाजी हिशेबी माणूस. कान दहापैकी नऊ आणि बांगड्या शून्य, म्हणजे दोष डब्यात. हे त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं. त्यातला नऊ तेवढा माझा होता. त्यांनी एक दिवस आज्याला पाटावर पालथा घातला. हातात डाख द्यायचा कैय्या, डोळ्यांवर चष्मा. मी वर जाताना त्यांनी हाक मारली. "बाई, तू सांग. तुले तरी आयकू येतेत का बांगड्या?"

"थोड्या कमीच वाटतात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कैय्या तापत घातला. आठवडाभर ते आज्याच्या पोटातले भाग काढून नवे घालत होते. हात पूर्वीसारखा स्थिर राहिला नव्हता. शेवटी एका सकाळी चालू केला तेव्हा आतून जळका वास आला, नळ्या एकदा उजळल्या आणि विझल्या. त्याचा ट्रान्सफॉर्मर गेला होता. त्याची तार नव्यानं गुंडाळून देणारा गोंदियाचा रेडिओवाला केव्हाच वारला होता. काकाजींनी आज्यावर दुपट्टा पांघरला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. काकूजींनीही टोमणा मारला नाही.

होळीच्या सुमारास दूधवाला दारात ओरडून ओरडून परत गेला. काकाजी ओसरीवरच बसले होते. मग मुलगी स्वतः आली आणि त्यांना नागपूरला घेऊन गेली.

परत आले ते कानात यंत्र घालून. कानाच्या नसेवर सूज होती, असं मुलीनं मला जिन्यात थांबून सांगितलं. सुरुवातीलाच आले असते तर औषधांनी बरंचसं वाचलं असतं, आता नस गेली. ती मला दोष देत नव्हती. "आम्हालाच कळलं नाही हो," म्हणत होती. मी "हो ना" म्हणाले.

कानातल्या यंत्राला काकाजी चौथा डबा म्हणायचे. "हाही अ‍ॅम्प्लिफायरच हाय, बाई. पन आवाज निस्ता मोठा करते, साफ नाही करत. सारेच मोठ्यानं बोलतेत आन् कोनीच शाना नाही वाटत." त्याला त्यांनी नाव दिलं नाही. आठवड्याभरात काढून कपाटात ठेवला. आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलू लागलो. काकूजींना लिहिण्याचा सराव नव्हता. त्या 'जेवन' आणि 'पानी' एवढंच लिहायच्या आणि बाकीचं हातवाऱ्यांनी सांगायच्या. पोती कोपऱ्यांतून हलली. घरात तांदूळ आले. काकूजी म्हणाल्या, "मले नको होता असा धान."

उन्हाळ्यात माझी बदली झाली, माझ्याच गावी, गोरेगावला. सामान टेंपोत चढलं. साडेचार वर्षांत मला या घरानं लेकीसारखं वागवलं होतं आणि काही न बोलता निघून जाणं सोपं होतं. मी जिना उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. काकाजी दिवाणखान्यात त्याच खुर्चीवर बसले होते, एक हात स्पीकरवर. सारस ओरडतो तेव्हा लाकूड हलतं, ते तळव्याला कळतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. नातू चालू होता. चार मिनिटं संपत होती आणि पुन्हा सुरू होत होती.

मी पाटी घेतली आणि लिहिलं: 'काकाजी, आठ-नऊ येत नव्हते. तीन यायचे. मी खोटं सांगत होते.'

त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बांगड्या होत्या?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. होत्या.

"तिन्हीत?"

तिन्हीत.

त्यांनी आज्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात दुपट्ट्याखाली होता. "मंग मी म्हाताऱ्याचा पोट उगाच फाडला," ते म्हणाले. स्पीकरमधून बाया हसल्या. मला त्या ऐकू येत होत्या, याची मला लाज वाटली.

मग त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली. आवाज चढवला नाही. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे आता त्यांना कळतही नव्हतं. "ज्याच्या हाती तुडूम, त्याची बांधी शेवटी. सांगतलं होतं ना मी तुले? तुह्या बांधीले कायचं पानी पायजे होतं, बाई?"

तुमचं मन राखायचं होतं, असं लिहायला पेन्सिल टेकवली होती. पण समोर बसलेल्या माणसानं मला दर रविवारी खरं लिहायला चिठ्ठी दिली होती. मी एकच शब्द लिहिला: 'झोप.'

त्यांनी तो शब्द वाचला. बाहेर टेंपोवाल्यानं हॉर्न दिला, तो मला एकटीलाच ऐकू आला.

"मंग?" काकाजी म्हणाले. "लागली का झोप?"

मी मान खाली घालून हो म्हटलं. खरं तेच होतं. त्या सगळ्या रविवारी मला गाढ झोप लागली होती.